गळ्याचं माप

तोच शर्ट महिन्यात तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा शिंपीमास्तरांनी कात्री खाली ठेवली. दिवसभराच्या शिवणीने डोळे चुरचुरत होते. समोर उभे असलेले छातीचे डॉक्टरही पेशंट तपासून पार पिळून निघाले होते.

"मास्तर, गळा अजून काचतोय. वय झालं आता तुमचं."

चाळीस वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. मास्तरांनी टेप घेतली, सगळी मापं नव्याने घेतली आणि वहीतल्या जुन्या मापांशी ताडून पाहिली.

"डॉक्टरसाहेब, वय माझं झालंय, टेपचं नाही. गळा दीड इंच वाढलाय आणि कंबर दोन इंच उतरलीय. माणूस सुटतो तेव्हा सगळीकडून सुटतो. हे असं अर्धंच कसं?"

डॉक्टर आरशाकडे वळले. फुगलेले गाल त्यांनी चाचपले, मग शर्टाची वरची बटणं काढली. मानेपासून छातीपर्यंत निळ्या शिरा तट्ट उभ्या होत्या.

"डोक्याकडचं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर छातीत दबली, की असं होतं," ते हळूच म्हणाले. "बहुतेकदा आत गाठ असते."

मास्तरांनी वही मिटली. "शर्ट ठेवून जा. सैल करून देतो."

डॉक्टर स्टुलावर टेकले.

"वीस वर्षं वॉर्डात पोरांना हेच शिकवतोय, मास्तर. असा पेशंट आपल्याकडे येतो, तो आधी शिंप्याशी भांडून आलेला असतो."