दोनचा आकडा

अभ्यासाला बसला की अनुप जेवण विसरायचा, म्हणून साक्षीने त्याला उलटी मोजणी करणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला. काळ्या पडद्यावर आकडे उतरत जायचे आणि शेवटी ओळ यायची, "अनुप, आता जेवून घे." तिच्या एका चुकीमुळे तीननंतर थेट एक यायचा. ती दुरुस्त करायला बसली, तर तो म्हणाला, "राहू दे. तुही निशाणी हाय ते."

आज वाशीमच्या अभ्यासिकेत शेजारच्या ज्योत्स्नाने आपला लॅपटॉप साक्षीकडे वळवला. "पाय, अनुपनं माह्यासाठी हा प्रोग्राम सोता लिवला."

पाच, चार, तीन. आता दोन यावा, एवढंच साक्षीला वाटत होतं.



"एक. ज्योत्स्ना, आता जेवून घे."