आजचा वाघ

"शाळा सोडलीस, मी गप ऱ्हायलो. आता मेंढरामागंबी येत न्हाईस. त्या फोनात काय पुरून ठिवलंय का तुझं?"

"फोनात हजारो माणसं हायेत, आबा. मला सर म्हणत्यात. तुमाला कोण म्हणतं?"

शौर्यचा बाप दादाभाऊ उठला. त्यानं काठी उचलली. "बघू की तुझी हुशारी," एवढंच म्हणाला. कळप आज रानाकडं न्हाई, सडकेकडं वळला. शौर्यनं मान वर केली न्हाई.

"कोकरांचे कान कापायलाबी आला न्हाईस," बहीण सोनल करवादली. "एकटे आबा धरत व्हते."

उजव्या कानाला दोन खाचा, डाव्याला एक. आज्याच्या काळापास्नं खूण तीच. अख्ख्या पिंपरी पेंढारात दुसऱ्या कुणाची तशी न्हाई.

"कान कापून कोण मोठं झालंय का?" शौर्य म्हणाला अन् ग्रुप उघडला.

ग्रुप कॉइनचा, फोनातल्या आभासी पैशाचा. भाव पडत व्हता, तरी माणूस हलत नव्हता. ती करामत शौर्यची. गप बसलेल्याला नाव घिऊन डिवचायचं. एकाला रोज 'आजचा वाघ' करायचं. एक मेंढरू पुढं काढलं की बाकीची मान खाली घालून येत्यात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

एक 'वाटसरू' नावाचा गडी नवीन आलेला. त्यानं इचारलं व्हतं, "पैसं बुडणार न्हाईत ना सर?"

"भित्र्याचं हितं काम न्हाई, पावणं," शौर्यनं ठोकलं व्हतं. सगळा ग्रुप हसला व्हता.

ग्रुप चालवणाऱ्या वरच्या साहेबाचा फोनात आवाज आला. "शौर्य, आज सांजच्यापर्यंत लोकं गरम ठेव. उद्या ग्रुप नसतोय."

का, ते शौर्यनं इचारलं न्हाई. साहेब पैसं घिऊन पळणार, हे त्याला कळत व्हतं.

त्यानं लिवलं, "कॉइनसाठी आज कोण काय सोडणार? फोटो टाका. बघू कोण वाघ!"

कुणी बुलेट टाकली, कुणी बायकोची बोरमाळ. ग्रुप नुसता उसळत व्हता. येवढं रान एकट्यानं पेटवलं, तेबी घरात बसून. शौर्यची छाती फुगली.

मग वाटसरूचा फोटो आला. बेल्ह्याचा बाजार, टेंपोत दाटून भरलेली मेंढरं. खाली लिवलेलं, "भित्रा न्हाई मी. आख्खा कळप दिला. आता कॉइन घेतो. तुमच्या इस्वासावर, सर."

"हाच आजचा वाघ!" शौर्यनं फोटो सगळ्यात वर लावला. टाळ्यांचा पाऊस पडला. मग हौसेनं त्यानं फोटो मोठा करून बघितला.

फुडचं मेंढरू थेट त्याच्याकडं बघत व्हतं. उजव्या कानाला दोन खाचा. डाव्याला एक.

"सर, उद्याचा वाघ कोण?" ग्रुप इचारत व्हता.

"कुठं पळतोयस?" सोनलनं वरडून त्याचा हात धरला.

"बेल्ह्याला. सोड, आबांनी कॉइन घ्यायच्या आत मला पोचाय पायजे."