हाताला मुंग्या

"हे बघ, धरलाय," कोंडिबा म्हणाले. गोठ्याजवळच्या नळाचा लोखंडी पाईप त्यांनी मुठीत आवळला होता. "कुठं काय हाय?"

पुतळाबाई समोर उभ्या राहून बघत होत्या. मोटर चालू होती, हौदात पाणी पडत होतं आणि नवरा खुशाल पाईप धरून उभा होता. ते नुकतेच गावातून आले होते, पायातली चप्पलही अजून काढली नव्हती.

पावसाळा सरल्यापासून पुतळाबाई सांगत होत्या. मोटर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात, कधी कधी पार कोपरापर्यंत. रांजणगावच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या मुलाने, विश्वजीतनेही एकदा ड्यूटीवर निघता निघता नळ धरून पाहिला. पायात कंपनीचे जाडजूड बूट होते. त्यालाही काही लागलं नाही. आईला तपासून आणू या, एवढंच तो म्हणाला.

मग शिरूरला दवाखाना झाला. रक्त तपासलं, साखर निघाली नाही. डॉक्टरांनी अशक्तपणावर गोळ्या दिल्या. खोटं कुणीच बोलत नव्हतं आणि पुतळाबाईंची अडचण तीच होती. दोन जाणत्या माणसांनी नळ धरून दाखवला होता. त्यांना काही होत नाही आणि आपल्यालाच होतं, म्हणजे खोट आपल्याच अंगात असणार. लग्न होऊन आल्यापासून शेण, धारा, वैरण, पाणी यात जन्म गेला. अंग कधीतरी थकणारच. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडून दिलं. मुंग्या आल्या की दात आवळायचे आणि बादली भरायची.

मात्र सुनेला, अंकिताला, त्यांनी नळाजवळ फिरकू दिलं नाही. अंकिताला सातवा महिना लागला होता. घरात बसून तिला कंटाळा यायचा, ती बादली घेऊन गोठ्याकडे यायची. पुतळाबाई तिच्या हातातून बादली काढून घ्यायच्या. एकदा तर शेजारच्या साखरबाईंसमोरच त्यांनी तिला दंडाला धरून मागं ओढलं आणि म्हणाल्या, मी हाय अजून, तू हिथं हात लावायचा न्हाई.

अंकिताच्या ते जिव्हारी लागलं. सासूला आपलं कामच पसंत नाही, गोठा म्हणजे तिचं राज्य, असं तिने मनाशी पक्कं धरलं. उलट बोलली नाही. पण बाळंतपणासाठी लवकरच माहेरी, कासुर्डीला सोडा, असा तिने विश्वजीतकडे हट्ट धरला. पिशवीही भरून ठेवली. पुतळाबाईंना ते कळलं होतं. पण समजूत घालायला अंगात त्राण नव्हतं. आणि घालणार तरी काय? सांगण्यासारखं हातात काही नव्हतं.

त्या दिवशी कोंडिबा कांद्याला पाणी देऊन आले. वाफ्यातल्या चिखलात चप्पल रुतली आणि तिचा अंगठा तुटला, म्हणून दोन्ही चपला हातात घेऊनच आले होते. हात-पाय धुवायला ते तसेच नळापुढच्या ओल्यात उभे राहिले आणि त्यांनी पाईप धरला.

पुतळाबाई म्हशीखाली बसल्या होत्या. त्यांना आधी एक विचित्र हुंकार ऐकू आला. मान वळवली तोवर कोंडिबा मागं फेकले जाऊन उताणे पडले होते. ओठ पांढरे पडले होते. आवाज ऐकून अंकिता दारातून धावली. तिथंच थांब म्हणून पुतळाबाईंनी तिला दरडावलं, स्वतः उठून मोटरच्या स्टार्टरपेटीकडे गेल्या आणि मोटर बंद केली. मग नवऱ्याशेजारी बसून त्यांची छाती चोळत राहिल्या. बऱ्याच वेळाने कोंडिबांना बोलता आलं.

"नळाला करंट हाय," ते म्हणाले.

पुतळाबाईंनी पाठीला हात देऊन त्यांना उठवून बसवलं.

कोंडिबा आबांना शॉक बसला एवढं कानावर पडताच गावातला वायरमन सुरज हातातलं काम टाकून आला. मोटरची वायर त्याच पाईपाला बांधून नेली होती. बांधलेल्या जागी तिचं कव्हर झिजत गेलं होतं. आधी नुसती ओल धरायची, आता आतलं तांबं उघडं पडलं होतं.

"म्हंजी आजच उतरला करंट?" कोंडिबांनी विचारलं.

"न्हाई आबा. व्होल्टेज पायपात पयल्यापासनंच हाय," सुरज म्हणाला. "टाकी भरलेली असती, पर चावी उघडल्याबिगर पाणी वाहतं का? तसंच हे. करंटला जमिनीत जायला वाट लागती. तुमच्या पायात चप्पल, वाट बंद. मावशी ओल्यात अनवाणी. त्यांच्यातनं रोज जात व्हता."

चिखलात चप्पल घसरते म्हणून पुतळाबाई ती गोठ्याच्या दाराशीच काढत. कोंडिबांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. टाचांच्या भेगांत शेण सुकलं होतं.  पुतळाबाईंना आता काही ऐकायचं नव्हतं. आपलं खरं ठरलं, याचा आनंद व्हायलासुद्धा अंगात जोर लागतो. त्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या.

अंकिताने चहा आणला. कप देऊन ती आत गेली नाही, शेजारी टेकली.

"आई, तुम्हाला माहीत होतं? नळातच आहे म्हणून?"

"न्हाई गं. मला वाटायचं माझाच हात कामातनं गेलाय."

"मग मला का लावू देत नव्हता?"

पुतळाबाईंनी कप खाली ठेवला.

"आन् हात धड असून नळातच काय असलं तर? तू दोन जिवांची."