राइस मिल उतरवताना

इरई नदीकाठची बंद पडलेली राइस मिल पाडून तिथं महापालिकेचं सभागृह व्हायचं होतं. पाडायला जेसीबी घेऊन आला धम्मदीप. तो याच मिलमध्ये जन्मला होता. पुरानं वस्ती बुडाली, तेव्हा लोकांनी त्याच्या दिवस भरलेल्या आईला, शेवंताबाईला, मिलच्या माळ्यावर चढवलं. तिथंच धानाच्या पोत्यांवर ती बाळंत झाली. आज तीही येऊन उभी राहिली. लिव्हरवरचा लेकाचा हात काही चालेना. तो खाली उतरला. "माय, मले नाई जमत. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणून ठेकेदाराले सांगतो." शेवंताबाईनं भिंतीवर तळवा टेकवला. "दुसरा आला तं धडका मारून पाडन," ती म्हणाली. "तू हळू उतरव, बाबू." धम्मदीप परत चढला. आधी पत्रे, मग वासे, मग एकेक भिंत त्यानं अलगद खाली घेतली. शेवटची भिंत जमिनीला टेकेपर्यंत डोक्यावर पदर घेतलेली शेवंताबाई उन्हातून हलली नाही.