सुरी न लागलेली बानित्सा

अकरा वाजून गेले तरी दिन्का मावशीच्या बानित्साला सुरी लागली नव्हती. पहाटे चारला उठून तिनं पापुद्रे लाटले होते, चीज भरून परात भाजून आणली होती. नावदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवशी, कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला आठवण असते तो आपणहून येतो, आणि आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय परत पाठवत नाहीत. आज एकवीस मे, संत कोस्तादिन आणि संत एलेना यांचा दिवस. कोस्तादिन्काचा, म्हणजे आपल्या दिन्का मावशीचा नावदिन. आणि नशीब बघा, अंगणापलीकडच्या ऑफिसातल्या एलेन्काचाही.

तेलखोलीच्या, म्हणजे तयार गुलाबतेल ठेवायच्या खोलीच्या, खिडकीतून मावशीला सगळं दिसत होतं. एलेन्काच्या टेबलावर फुलं मावत नव्हती. कारखान्यातले झाडून सगळे तिकडे लोटले होते. भट्टीवाले, ट्रकवाले, फुलं तोडणाऱ्या बायका. "नाव मिरव गं पोरी, शंभर वर्षं मिरव!" मावशीकडे मात्र कुणी फिरकलं नाही. जीभ फार तिखट, उगाच तिच्या तोंडी कोण लागणार? एकटी एलेन्का सकाळी चॉकलेटचा डबा घेऊन आली होती.

"मावशी, आज दोघींचा दिवस. एकत्र बसूया ना!"

"मला कामं असतात," असं म्हणून मावशीनं दार लावून घेतलं होतं.

एकोणीस हंगाम तेलखोलीची किल्ली मावशीच्या गळ्यात होती. आता नवीन तिजोरी येणार होती. तिची किल्ली कुणाकडे द्यायची, ते मालक आज संध्याकाळी सांगणार होते. ज्याच्या त्याच्या तोंडी एलेन्काचं नाव. दोन वर्षांपूर्वी आलेली पोर! वजनकाट्यावर कुपी कशी ठेवायची तेसुद्धा तिला मावशीनंच शिकवलेलं. मावशीचा नुसता जळफळाट चालला होता.

तेवढ्यात फाटकातून एक अनोळखी माणूस आला. हातात पांढऱ्या पिओनीच्या फुलांचा मोठा गुच्छ. तो सरळ एलेन्काच्या खिडकीशी गेला.

"घ्या, अजून एक!" मावशी पुटपुटली. "आता फुलं ठेवायला टेबल भाड्यानं आण म्हणावं."

पण तो माणूस तिथं थोडा वेळ बोलला, वळला, आणि गुच्छ तसाच हातात घेऊन अंगण ओलांडून मावशीच्या दारात आला.

"दिन्का मावशी ना? नावदिनाच्या शुभेच्छा! नावासकट सुखात राहा."

एलेन्काच्या खिडकीवरून फुलं परत फिरली होती, आणि तिच्याकडे आली होती! तिनं सुरी घेतली आणि बानित्साचा पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं दोन खाल्ले. वर म्हणाला, "माझी आई करायची, अगदी अश्शी." मग सांगितलं, की तो सोफिया शहरातून नव्या तिजोरीसाठी खोलीची मापं घ्यायला आलाय.

"मालकांचा फोन नाही आला मला. फोन आल्याशिवाय आत कुणाला सोडत नाही मी."

त्यानं बोटं पुसली. "तिकडच्या ताईही तेच म्हणत होत्या. मी म्हटलं, किल्ली ज्यांच्या गळ्यात, त्यांनी हो म्हटलं की झालं. की हल्ली सगळं त्यांनाच विचारावं लागतं?"

"तिला काय विचारायचंय? कालची पोर ती!" मावशीनं गळ्यातली दोरी ओढली आणि दार उघडलं. मापं घेतोय तोवर कॉफी टाकते, म्हणून ती दोन मिनिटं बाजूला गेली. आज तिच्याकडे पाहुणा आला होता.

तीन वाजता मालकांनी बोलावणं पाठवलं. मालक स्तामेनोव खुर्चीत बसले होते. शेजारी तोच माणूस. टेबलावर तेलाची मोठी कुपी, तिच्यावरची लाखेची मोहोर मावशीच्याच हातची.

"पंधरा टन फुलांचं तेल, मावशी. हा पिशवीत घालून फाटकाबाहेर घेऊन गेला. मीच नेमलं होतं त्याला. कुलपं तपासायला नव्हे, माणसं तपासायला." त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

मावशीनं दोरी डोक्यावरून काढली. दाराशी एलेन्का उभी होती, डोळे लाल झालेली. तिला बघितलं आणि मावशीचा तोल सुटला.

"हिनंच पाठवलं याला माझ्याकडे! या डोळ्यांनी बघितलंय मी. माझी किल्ली हवी होती ना तुला, भवाने? विचारा, विचारा त्याला!"

एलेन्कानं मान खाली घातली. तो माणूस अवघडून उठला.

"हो. यांनीच पाठवलं."

"बघा! ऐकलंत ना?"

"फुलं मी यांच्यासाठीच आणली होती, मावशी. यांनी घेतली नाहीत. म्हणाल्या, मालकांना फोन लावते, तोवर बाकावर बसा, आत कुठं जायचं नाही. फक्त ही फुलं समोर मावशींना देऊन या, सकाळपासून त्यांच्याकडे कुणी गेलेलं नाही. आणि माझं नाव सांगू नका, माझी म्हटल्यावर त्या घ्यायच्या नाहीत."