सरकारला बोलवायचं राहिलं

एकोणीसशे एकोणतीस साल. क्राकूवच्या ज्यू वस्तीतल्या नोंदणी कचेरीत इझिडोरचं डोकं सकाळपासून तापलं होतं. वस्तीत वर्षभरात जन्म रग्गड, लग्नं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. वॉर्साहून आलेले साहेब त्याच्या पाठीशीच खुर्ची टाकून बसले होते. "कसली हो ही तुमची माणसं? निम्मी पोरं बिनलग्नाची!"

इझिडोरने तो राग खिडकीशी उभ्या बाईवर काढला. "सहा पोरं झाली तुला, आणि कागदोपत्री तू अजून कुमारिका!"

"रब्बींनी लावलंय की लग्न. अख्खी गल्ली जेवून गेली," बाई म्हणाली. "सरकारला तेवढं बोलवायचं राहिलं."

"मग सरकारच्या लेखी तुझी पोरं बिनबापाची! आधी इथे लग्न नोंदवा. सांगून सांगून घसा बसला माझा. चला, पुढचं कोण?"

पुढे एक म्हातारं जोडपं होतं, शब्बाथचे ठेवणीतले कपडे घालून आलेलं. इझिडोर त्यांच्याकडे बघतच राहिला.

"विचारा की," मागून साहेब म्हणाले.

"लग्न?" इझिडोरचा आवाज एकदम खाली आला.

"तीस वर्षं झाली, रब्बींसमोर," म्हातारा म्हणाला. "सरकारी तेवढं आज लावून टाका. रोज जेवताना त्यावरून बोलणी खावी लागतात."

"मुलं?"

म्हातारीने आधी साहेबांकडे पाहिलं, मग इझिडोरकडे.

"एकच. सकाळपासून रांगेत उभी राहून त्याचंच खेकसणं ऐकतेय."