सरावाचे सात दिवस

"आज करवंदं आंबटच हायेत," सासूबाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

रानडुकरं भुईमूग उकरून टाकतात म्हणून माझ्या मालकांनी आमच्या मुठा गावातल्या शेतात पिंजरा मांडला होता. सात दिवस दार उघडं ठेवून मका टाकायचा आणि जनावर सरावलं, की आठव्या दिवशी दार पाडून कोंडायचं.

मक्याला कुणी तोंडच लावलं नाही. उलट रोज सकाळी पळसाच्या द्रोणात ताजी करवंदं दिसायची. कोण ठेवतं, ते आमच्यात कुणीच विचारलं नाही. आधी द्रोण बांधावर होता, मग पिंजऱ्याच्या दाराशी, मग आत. मी तर घरून मीठही न्यायला लागले.

आज तिघंही आत ऐसपैस बसून खात होतो. मालक बोटांवर दिवस मोजता मोजता सातव्या बोटाशी थांबले.

"मोज की रं, जोतिबा," सासूबाई म्हणाल्या. "आपुन सरावलो. आज आठवा दिवस हाय."